इंग्रजीची उसनवारी : प्रस्तावना

संगमनेरच्या एसटी स्टँडवर दिवसभर जे इंग्रजी शब्द कानावर पडतात, त्यांत अस्सल इंग्रजी किती, या साध्या चौकशीतून हे पुस्तक निघाले. ‘बस’ घ्या. हा मुळात शब्दच नव्हे, लॅटिनमधला विभक्तीचा प्रत्यय आहे. ‘ओम्नीबुस’ म्हणजे सर्वांसाठी. भाडे देईल त्या कोणालाही बसवून घेणाऱ्या घोडागाडीला फ्रान्समध्ये हे नाव पडले. १८२९ मध्ये शिलिबीर नावाच्या गाडीवाल्याने ती गाडी लंडनात सुरू केली आणि घाईच्या लंडनकरांनी पुढचा सगळा शब्द गाळून शेपटी तेवढी ठेवली. ‘सर्वांसाठी’मधले ‘सर्वां’ टाकून गाडीला ‘साठी’ म्हणावे, तसलाच हा प्रकार. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. त्यानंतर आपल्या जिल्ह्याने हा लॅटिन प्रत्यय इतका मुरवला, की ‘बस हुकली’ म्हणताना आपण परकी भाषा बोलतोय असे कोणाच्या मनातही येत नाही.

डेपो फ्रेंच, गॅरेज फ्रेंच. डिझेल हे एका जर्मन इंजिनिअरचे आडनाव. तिकीट म्हणजे फ्रेंचांची चिकटवलेली चिठ्ठी. शिष्टाचार या अर्थाचा ‘एटिकेट’ त्याचा सख्खा भाऊ आहे, पण निवडणुकीच्या तिकिटासाठी चाललेली धक्काबुक्की पाहून ते नाते पटणे कठीण. आणि स्टेपनी? वेल्समधल्या लनेली गावात स्टेपनी नावाच्या रस्त्यावर डेव्हिस बंधूंचे दुकान होते. १९०४च्या सुमारास त्यांनी मोटारीसाठी जादा चाक विकायला काढले आणि चाकाला रस्त्याचे नाव चिकटले. इंग्लंड आज तो शब्द जवळपास विसरले आहे. पुणे-नाशिक रस्त्यावरचा ट्रकवाला मात्र अजून ‘स्टेपनी बसव’ असेच म्हणतो. म्हणजे जो शब्द इंग्रजांनी टाकला, तो आपण इंग्रजी समजून वापरतो आहोत.

शब्दाचे कूळ सांगणारी पुस्तके कमी नाहीत. अमुक शब्द संस्कृतातला, तमुक अरबीतला, असा शिक्का मारला की त्यांचे काम संपते. मला कुळापेक्षा वाटेत रस आहे. शब्द कोणत्या बंदरात उतरला, कोणाच्या तोंडी बसला, वाटेत त्याचा अर्थ कुठे सांडला, हे पाहिले की व्यापार कोणी केला, लढाई कोणी मारली आणि चाकरी कोणी केली हेही कळते. मुळाची चिठ्ठी एका ओळीत संपते. वाटेला मात्र पाने लागतात. म्हणून या पुस्तकात शब्द थोडे आहेत आणि प्रत्येकाला जागा भरपूर दिली आहे.

वाटेवर निघण्याआधी एक घोटाळा निस्तरायला हवा. ‘मदर’ हा मातृवरून, ‘नेम’ हा नामवरून, ‘डॉटर’ हा दुहितृवरून इंग्रजांनी उचलला, असे व्याख्यानांत हमखास ऐकू येते आणि टाळ्याही पडतात. हे शब्द उचललेले नाहीत. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या भाषा एकाच, आता लुप्त झालेल्या, मूळ भाषेतून फुटल्या असाव्यात, असे विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्यात मांडले. इंग्रजी ज्या जर्मानिक शाखेतली, ती शाखाही त्याच घरातली. एका वाड्यातून वेगळ्या झालेल्या भाऊबंदांकडे सारखीच तांब्याची घंगाळी असतात. ती वाटणीत आलेली, उसनी नव्हेत. शेजारच्या आळीतून आणलेली वाटीभर साखर मात्र उसनीच. या पुस्तकात घंगाळी नाहीत, फक्त साखर आहे.

साखर तर अगदी खरीखुरी आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, प्रवरेच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, पुढे लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने सहकारी कारखाना काढला आणि संगमनेर तालुक्यानेही भाऊसाहेब थोरातांच्या पुढाकाराने आपला कारखाना उभारला. गळिताच्या दिवसांत या रस्त्यांवरून जाणाऱ्या उसाच्या गाड्या पाहताना ‘शुगर’ हा शब्द परका वाटायचे खरे तर कारण नाही. शर्करा म्हणजे मुळात खडा, रेती. प्राकृतातून आपल्याकडे तिची साखर झाली, हा घरचा रस्ता. दुसरा रस्ता लांबचा. इराणात ती ‘शकर’ झाली, अरबांनी ‘सुक्कर’ केली. अरबांनी उसाची लागवड सिसिली आणि स्पेनपर्यंत नेली, तिथून शब्द लॅटिनमध्ये, मग जुन्या फ्रेंचमध्ये आणि शेवटी इंग्लंडात. याच शर्करेचा तिसरा फाटा दक्षिणेतून निघाला. मलबार किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी गुळाचे तिथले नाव ऐकले, त्याचे ‘जागरा’ केले आणि इंग्रजांनी त्याचे ‘जॅगरी’. शुगर आणि जॅगरी ही एकाच आईची लेकरे, पण इंग्रजीच्या दारात ती एकमेकांना ओळखतही नाहीत. ‘कँडी’ मात्र वेगळ्या घरची. ती ‘खंड’पासून निघाली आणि फारसी-अरबीतून फिरून गेली. खांडसरी म्हटले की आपल्या शेतकऱ्याला जे कळते, त्यातलाच तो खंड.

आता ‘टँक’. या शब्दावर मी सर्वांत जास्त पाने खर्च केली आहेत आणि त्याचे कारण भूगोलात आहे. संगमनेरच्या पश्चिमेला पेमगिरी आहे. शहाजीराजांनी लहानग्या मूर्तझा निजामशहाला गादीवर बसवून कारभार हाती घेतला तो हाच गड. गडावर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. तशीच हरिश्चंद्रगडावर आहेत, आणि सह्याद्रीच्या बहुतेक गडांवर असतात. गड राहतो तो तटावर नव्हे, टाक्यावर. सतराव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर उतरलेल्या इंग्रजांनी गुजरातीतले ‘टांकू’ आणि मराठीतले ‘टाके’ ऐकले आणि साठवलेल्या पाण्याला ‘टँक’ म्हणू लागले. पोर्तुगीजांच्या तोंडी तळ्याला ‘तांक’ होताच. तो लॅटिनमधून आलेला, नात्यागोत्याने अगदी निराळा, पण उच्चार एवढा जवळचा की दोन्ही प्रवाह एकात मिसळले. कोणाचे पाणी किती, हे आता वेगळे करता येत नाही आणि कोशकारही दोघांची नावे देतात.

पुढची गोष्ट पहिल्या महायुद्धातली. इंग्रजांनी लोखंडी पट्ट्यांवर चालणारी चिलखती गाडी बनवायला घेतली. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून ती पाण्याची टाकी आहे, असे सांगितले जाई. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणांगणावर ती पहिल्यांदा उतरली तेव्हा खोटे नावच खरे होऊन बसले. मराठीने त्याला ‘रणगाडा’ असा बाणेदार शब्द दिला आणि तो रुळलाही. पण टाके तेवढ्यावर थांबले नाही. त्याचा ‘टँकर’ झाला आणि संगमनेरच्या पठार भागात, साकूर-घारगावच्या बाजूला, कोरड्या उन्हाळ्यांत तो दारात येऊन उभा राहू लागला. ‘टँकर आला’ ही हाक ऐकून हंडे-कळश्या घेऊन पळणाऱ्या बाईच्या तोंडी जो शब्द असतो, तो याच डोंगरांतून बाहेर गेला होता. पाणी आटले, शब्द परत आला. या परतीत अभिमान वाटण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही.

भाजीबाजारातल्या वाटा मानाने आनंदाच्या. बटाटा हे कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचे रताळ्याचे नाव. पोर्तुगीजांनी ते जवळजवळ जसेच्या तसे कोकणात आणले, इंग्रजांनी स्पॅनिशांकडून घेताना त्याचे ‘पोटॅटो’ केले. त्यामुळे मूळ उच्चार आज लंडनपेक्षा आपल्या बाजारात अधिक शुद्ध ऐकू येतो. टोमॅटो आणि चिली हे मेक्सिकोतल्या नाहुआ लोकांचे शब्द. टोमॅटो आपण नावासकट घेतला. मिरचीच्या बाबतीत मात्र नवे नाव घ्यायचे नाकारले आणि जुन्या मिरीवरूनच तिचे बारसे केले. ग्रीकांनी याहून मोठी गंमत करून ठेवली आहे. पिप्पली म्हणजे पिंपळी हे नाव त्यांनी उचलले आणि लावले काळ्या मिरीला. ‘पेपर’ हा शब्द त्या चुकीतून जन्मला आणि हजारो वर्षे चुकीच्या डब्यावर चिकटलेला आहे. तालुक्यातला डाळिंबवाला निर्यातीच्या खोक्यावर ‘पॉमग्रॅनेट’ छापतो, ते लॅटिनमध्ये ‘दाणेदार सफरचंद’. फ्रेंचांनी त्या दाणेदार फळाचे नाव हातगोळ्याला दिले, त्याचा झाला ‘ग्रेनेड’. भगव्या वाणाचे टपोरे डाळिंब हातात धरून पाहिले की ही उपमा कोणाला का सुचली, ते कळते.

तंबाखूचा रस्ता दख्खनवरून जातो. पोर्तुगीजांनी ती पश्चिम किनाऱ्यावर आणली, तिथून ती विजापूरला पोचली. विजापूरला वकिलीसाठी आलेल्या असद बेगने ती सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आग्र्याला अकबरापुढे नेऊन ठेवली. म्हणजे मोगल दरबाराला तंबाखूची ओळख दख्खनने करून दिली. संगमनेरात घरोघरी बायका मांडीवर सूप घेऊन तेंदूच्या पानात तीच तंबाखू भरतात आणि विड्या वळतात. विडी हा विड्याचा धाकटा भाऊ, मूळ संस्कृत वीटिका. इंग्रजी कोशांत तो ‘बीडी’ म्हणून हिंदीच्या खात्यावर नोंदला गेला. खाते हिंदीचे असले तरी बोटे इथली आहेत. याबद्दल तक्रार करावी एवढा मी मराठीचा कैवारी नाही, पण नोंद करून ठेवतो.

मराठीच्या खात्यावर स्वच्छ नोंदले गेलेलेही काही शब्द आहेत. त्यांतला सर्वांत देखणा मुंगूस. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७३ मध्ये हिंदुस्थानात आला. १६७५ मध्ये घाट चढून तो जुन्नरला, म्हणजे आपल्या शेजारीच, मोगल सुभेदाराकडे जाऊन आला. १६९८ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात हा प्राणी ‘मंगूस’ या नावाने भेटतो. शब्द इंग्रजीत स्थिरावला, पण स्पेलिंगच्या शेवटी इंग्रजांना ओळखीचा हंस दिसू लागला. तेव्हापासून अनेकवचन करताना ते आजही अडखळतात: हंसाचे अनेकवचन वेगळे, मुंगसाचे वेगळे. मराठीने मात्र हा शब्द बहुधा दक्षिणेच्या भाषांतून घेतलेला आहे, हेही सांगायला हवे. तेलुगू-कन्नडमध्ये त्याची भावंडे आहेत. उसनवारीची साखळी आपल्यापाशी सुरू होत नाही. ‘गनी बॅग’मधली गनी म्हणजे गोणी. मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या मोजणाऱ्या हमालाला हे सांगितले, तर तो ‘मग दुसरे काय असणार?’ असेच विचारील.

‘जंगल’ची वाट मला विलक्षण वाटते. आयुर्वेदात जांगल देश म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा, मोकळा प्रदेश. त्याच्या उलट आनूप, पाणथळ आणि दाट. या हिशेबाने आपले पठार जांगल आहे आणि घाटमाथा आनूप. लोकभाषेत जंगल म्हणजे पडीक, न कसलेली जमीन झाली, मग रान, आणि इंग्रजीत पोचेपर्यंत घनदाट, ओलेकिच्च, वेलींनी गच्च भरलेले अरण्य. अर्थ पुरा उलटा झाला. आज आपणही ‘जंगल’ म्हणताना किपलिंगचेच अरण्य डोळ्यांपुढे आणतो, ही परतफेड म्हणावी की व्याज, ठरवणे कठीण.

व्यापाराच्या वाटेवर सौदा तरी असतो. राज्याच्या वाटेवरचे शब्द वेगळ्या चवीचे आहेत. १६७९ मध्ये शिवाजीमहाराज जालन्याहून परतत असताना संगमनेरजवळ मोगलांनी त्यांना गाठले. सिधोजी निंबाळकर पडले आणि महाराज पट्टा किल्ल्यावर पोचले. विश्रामगड हे त्या किल्ल्याचे नाव तेव्हाचे. अशा मोहिमेतल्या मालाला आपण लूट म्हणतो आणि इंग्रजांनीही तो शब्द हिंदुस्थानी फौजांबद्दल बोलतानाच उचलला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांच्याच शिपायांच्या पत्रांतून ‘लूट’ इंग्लंडातल्या घराघरांत गेला. दुसऱ्याच्या कृत्यासाठी घेतलेला शब्द इतक्या लवकर स्वतःला लागू पडल्याचे उदाहरण मला दुसरे आठवत नाही. खाकी हा फारसी ‘खाक’वरून आला, म्हणजे धुळीचा रंग; सरहद्दीवरच्या पलटणीपासून तो एसटीच्या कंडक्टरपर्यंत पोचला. शाम्पू म्हणजे ‘चांपो’, चेपा, दाबा. पाटण्याहून गेलेल्या शेख दीन महंमदाने ब्रायटनला वाफेची स्नानगृहे काढून साहेबांचे अंग चेपून दिले. पुढे अंग राहिले बाजूला आणि डोके तेवढे उरले. किराणा दुकानात लटकणाऱ्या त्या पुड्यांच्या माळेमागे चाकरीचा एवढा इतिहास आहे.

असे शब्द गोळा करण्याचे पहिले मोठे काम हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी केले. त्यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ १८८६ मध्ये निघाला. त्याचे नावही असेच वाटेत मोडलेले: मोहरमच्या मिरवणुकीतला ‘या हसन, या हुसेन’ हा आकांत गोऱ्या शिपायांच्या तोंडी असा झाला. पोर्तुगीज वाटेचा शोध गोव्यातल्या आसगावचे पाद्री सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी घेतला. आशियाई भाषांवरच्या पोर्तुगीज प्रभावाचा त्यांचा ग्रंथ १९१३चा. चावी, बादली, पगार, घमेले, बिजागरी हे शब्द आपले नव्हेत, हे ज्याला पटत नसेल त्याने दालगादोंकडे जावे. आणि मोल्सवर्थ. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, दुसरी आवृत्ती १८५७ची. शब्दापुढे कंसात एक अक्षर टाकून तो मूळ भाषा सांगतो. ही एका अक्षराची शिस्त मला मोठमोठ्या प्रबंधांहून उपयोगी पडली.

शिस्त हवीच, कारण या विषयात मन फार लवकर वाहवते. पु. ना. ओकांनी व्हॅटिकनची वाटिका केली आणि ख्रिश्चॅनिटीची कृष्णनीती. वाचायला मजा येते, पण उच्चार जुळला म्हणजे नाते जुळले असे नसते. फारसीतला ‘बद’, ज्यातून आपले बदनाम-बदमाश आले, आणि इंग्रजीतला ‘बॅड’ हे उच्चाराने जुळे, अर्थाने जुळे, आणि एकमेकांचे कोणीही नव्हेत. निव्वळ योगायोग. ‘पंच’ या पेयाचेही पाहा. पाच जिनसांचे म्हणून पंच, असे फ्रायरनेच लिहून ठेवले आहे आणि आपल्याला ते आवडतेही. पण आजचे कोशकार त्यावर पुरता विश्वास ठेवत नाहीत. तो शब्द मी संशयितांच्या यादीत टाकला आहे. डोंगरीच्या जाड्याभरड्या कापडावरून आलेली ‘डंगरी’ मात्र बऱ्यापैकी पक्की आहे.

इंग्रजीची उसनवारी मोजताना आपली झाकून ठेवणे बरे नव्हे. शिवकाळात फारसी इतकी बोकाळली होती, की महाराजांनी रघुनाथपंतांकरवी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. तरीही शंभर वर्षांनी संगमनेरच्या अनंत फंदींच्या मराठीत फारसी शब्द मजेत नांदतातच. शाहिराला ते परके वाटत नव्हते. फंदी १८१९ मध्ये गेले, पेशवाई बुडाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, म्हणजे मराठीवर इंग्रजीचे पाणी चढायच्या आधी. सावरकरांच्या भाषाशुद्धीतले दिनांक, महापौर, हुतात्मा हे शब्द टिकले, बाकीचे कित्येक गळाले. माधवराव पटवर्धनांनी तर १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश रचला आणि पुढे भाषाशुद्धीची बाजू घेतली. घरातला माल आधी नीट मोजून मग हिशेब मागणारा हा माणूस मला त्या चळवळीत सर्वांत प्रामाणिक वाटतो. या पुस्तकाला शुद्धीही करायची नाही आणि अशुद्धीचा उत्सवही.

मांडणीबद्दल थोडे. शब्द वर्णक्रमाने लावलेले नाहीत. समुद्राची वाट, फारसी-अरबीची वाट, पलटणीची वाट आणि रोममार्गे फ्रान्सची वाट अशी प्रकरणे आहेत. फ्रेंच-लॅटिनचे प्रकरण मुद्दाम लहान ठेवले आहे. इंग्रजी कोशातले निम्म्याहून अधिक शब्द त्या दोन भाषांतून आलेले असल्याने तिथे हात घातला, तर पुस्तकाचे पोते होईल. शास्त्रीय परिभाषाही गाळली आहे. निकष एकच ठेवला: शब्द संगमनेरच्या रस्त्यावर, बाजारात, दवाखान्यात किंवा घरात ऐकू आलेला असावा. त्यामुळे ‘सोफा’ आहे, जो अरबी. ‘रोबो’ आहे, जो कारेल चापेकच्या १९२० मधल्या नाटकातून आलेला आणि चेक भाषेतल्या वेठबिगारीच्या शब्दावर बेतलेला. आणि ‘इमोजी’ आहे, जो जपानी असून ‘इमोशन’शी त्याचा काडीचाही संबंध नाही. कांगारू नाही. तो इथे कोणी पाहिलेला नाही.

शेवटचे प्रकरण अलीकडे गेलेल्या शब्दांचे. ऑक्सफर्डच्या विद्यार्थी-कोशाच्या २०२० मधल्या आवृत्तीत आधार, हरताळ आणि शादी यांच्याबरोबर डबा आणि चाळ हे शब्द घेतले गेले. संगमनेर-अकोल्याकडून मुंबईला गेलेल्या कित्येकांनी गिरणगावच्या चाळींत दिवस काढले, डबे खाल्ले. इंग्रजीने हे शब्द घेतले ते त्या मुंबईतून, बंदरावरून नव्हे. जहाज, पलटण, कंपनी यांच्याशिवाय गेलेले हे शब्द आधीच्या कोणत्याच वाटेत बसेनात, म्हणून त्यांना वेगळे प्रकरण द्यावे लागले. ते पुस्तकात सर्वांत आखूड आहे. चाळीबद्दल लिहिण्यासारखे पुष्कळ असले, तरी इंग्रजीत तिचे पुढे काय होते, हे दिसायला अजून अवकाश आहे.